हृदयाचा ठोका नेमका कुठून येतो?

प्रत्यारोपणासाठी दात्याच्या छातीतून हृदय काढतात तेव्हा त्याच्याकडे येणाऱ्या सगळ्या नसा कापल्या जातात. नव्या शरीरात सर्जन रक्तवाहिन्या शिवतात, नसा मात्र तशाच तुटलेल्या राहतात. तरी रक्त पोचलं की ते हृदय पुन्हा चालू लागतं, कधी आपणहून, कधी विजेच्या एका झटक्यानंतर. एवढंच नव्हे, तर शांत बसलेल्या निरोगी माणसाच्या हृदयापेक्षा ते जलद चालतं: मिनिटाला साधारण 90 ते 110. म्हणजे आपल्या छातीत 70 च्या गतीने चालणारं हृदय मुळात 70 चं नाहीच. त्याची स्वतःची चाल 100 च्या आसपासची आहे आणि कुणीतरी लगाम ओढून धरलाय म्हणून ते सावकाश चाललंय.

लगामाकडे वळण्याआधी पंप कसा आहे ते पाहून घेऊ.

पंप एक नाही, दोन

मुठीएवढं, 250 ते 350 ग्रॅम वजनाचं हे स्नायूचं इंद्रिय आतून चार कप्प्यांचं असतं. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. काही पुस्तकांत यांनाच कर्णिका आणि जवनिका म्हटलेलं सापडेल. पण कप्पे मोजण्यापेक्षा एकमेकांना चिकटलेले दोन पंप डोळ्यांसमोर आणले तर जास्त कळतं. उजवा पंप शरीरातून परतलेलं, ऑक्सिजन कमी झालेलं रक्त फुप्फुसांकडे ढकलतो. डावा पंप फुप्फुसांतून ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्त महारोहिणीतून सगळ्या शरीराला पुरवतो. दोघे एकाच वर्तुळात एकापाठोपाठ जोडलेले असल्यामुळे दर मिनिटाला दोघांना जवळपास सारखंच रक्त पुढे सरकवावं लागतं. डावा मागे पडला तर रक्त फुप्फुसांत तुंबतं आणि आडवं पडलं की धाप लागते. उजवा मागे पडला तर पाय सुजतात.

फरक आहे तो दाबाचा. फुप्फुसं शेजारीच आणि तिथल्या रक्तवाहिन्या सैल, त्यामुळे उजव्या निलयाला पाऱ्याच्या 25 मिलिमीटरएवढा दाब पुरतो. डाव्याला 120 पर्यंत जावं लागतं. म्हणून डाव्या निलयाची भिंत सुमारे 1 सेंटिमीटर जाड असते आणि उजव्याची तिच्या साधारण एक तृतीयांश. रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला राहिला तर डावी भिंत व्यायामाने दंड भरावा तशी आणखी जाड होते, पण इथे ही कमाई तोट्याची. जाड भिंत ताठर होते, सैल पडून रक्त आत घेताना अडते आणि तिला स्वतःलाच जास्त ऑक्सिजन लागतो.

झडपा चार. अलिंद आणि निलय यांच्यामध्ये प्रत्येकी एक, निलयांतून बाहेर पडणाऱ्या वाटांवर प्रत्येकी एक. त्या स्वतः काहीच करत नाहीत. मागून रेटा आला की उघडतात, पुढून उलटा रेटा आला की मिटतात. आतल्या दोन झडपा निलयाच्या दाबाने अलिंदात उलट्या फिरू नयेत म्हणून त्यांच्या कडा बारीक, चिवट दोरांनी खालच्या स्नायूंना बांधलेल्या असतात, छत्रीच्या कापडाला काड्यांनी धरून ठेवावं तशा. हार्ट अटॅकमध्ये हे दोर धरणारा स्नायू फाटला तर झडप फडफडते आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरतं. छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकू येणारा ‘लब्-डब्’ हा या झडपा मिटण्याचा आवाज आहे: ‘लब्’ आतल्या दोन झडपांचा, ‘डब्’ बाहेरच्या दोघींचा. मधल्या शांततेत फुसफुस ऐकू आली तर कुठली तरी झडप नीट उघडत नाही किंवा नीट मिटत नाही, अशी शंका घेतली जाते. लहान मुलांत आणि गरोदरपणात मात्र झडपा ठीक असूनही ती बऱ्याचदा ऐकू येते.

आता आकडे. भरलेल्या डाव्या निलयात सुमारे 120 मिलिलिटर रक्त असतं. एका ठोक्याला त्यातलं 70 बाहेर जातं, 50 आतच राहतं. बाहेर गेलेला हा हिस्सा म्हणजे इको तपासणीच्या रिपोर्टमधला ‘ईएफ’, आणि तो साधारण 55 ते 70 टक्के असला की ठीक. रिपोर्टवर 60 पाहून ‘40 टक्के हृदय निकामी झालं’ असं समजणारे पुष्कळ असतात. तसं नाही. 100 टक्के ईएफ कुणाचाच नसतो. 70 मिलिलिटर गुणिले 70 ठोके म्हणजे मिनिटाला जवळपास 5 लिटर, शरीरात एकूण जेवढं रक्त असतं तेवढंच. दिवसाचे ठोके होतात 1 लाख.

मिनिटाला 75 ठोके धरले तर एक फेरी 0.8 सेकंदाची. त्यातले 0.3 सेकंद निलय आवळलेले असतात, 0.5 सेकंद सैल. सैल असण्याचा हा काळ विश्रांतीचा म्हणून सोडून देऊ नका, कारण त्या काळात दोन महत्त्वाची कामं उरकतात. एक, निलय भरतं. त्यातलं 70 ते 80 टक्के रक्त दार उघडताच आपसूक खाली येतं आणि उरलेलं अलिंद शेवटी आवळून आत ढकलतात. दुसरं, हृदयाचा स्वतःचा रक्तपुरवठा. निलय आवळलेलं असताना भिंतीत घुसलेल्या बारीक वाहिन्या चेंगरतात, त्यामुळे डाव्या निलयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः सैल काळातच मिळतं. गती वाढते तेव्हा आवळण्याचा काळ थोडासाच घटतो आणि कात्री लागते ती बहुतांश या सैल काळाला. हृदयाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या माणसाला जिना चढताना छातीत का दुखतं, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे: काम वाढलं आणि जेवायची सुट्टी कमी झाली.

ठिणगी

वरून येणारी मोठी शीर उजव्या अलिंदाला जिथे मिळते, तिथे भिंतीत 1 ते 2 सेंटिमीटर लांबीचा पेशींचा एक पुंजका असतो. हा एसए नोड. ठोका इथून सुटतो.

शरीरातली साधी स्नायूपेशी कुणी हलवेपर्यंत गप्प बसते. एसए नोडच्या पेशीला गप्प बसणं जमतच नाही. जुन्या काळी वेळ मोजायला वापरायचे ते घटिकापात्र आठवा. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर तरंगत ठेवायची. भोकातून पाणी शिरत राहतं, ठरावीक पातळीला वाटी बुडते, ती उचलून रिकामी केली की पुन्हा पहिल्यापासून. एसए नोडची पेशी जवळपास हेच करते, फक्त पाण्याऐवजी विद्युतभार. ठोका संपल्यावर पेशीच्या आतला दाब, म्हणजे व्होल्टेज, बाहेरच्या तुलनेत उणे 60 मिलिव्होल्टच्या आसपास असतो. तेवढ्यात पेशीच्या आवरणातली काही बारीक दारं उघडतात आणि धन भाराचे सोडियमचे कण हळूहळू आत झिरपू लागतात. व्होल्टेज वर सरकत उणे 40 ला पोचलं की कॅल्शियमची दारं धाडकन उघडतात. वाटी बुडाली, ठोका सुटला. मग पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी पुन्हा उणे 60 ला येते आणि झिरपणं परत सुरू.

या झिरपणाऱ्या प्रवाहाचं शास्त्रीय नाव ‘फनी करंट’, कारण इतर दारं व्होल्टेज वर गेल्यावर उघडतात आणि ही उलट खाली गेल्यावर. नाव गमतीचं असलं तरी प्रकरण व्यवहाराचं आहे: आयव्हाब्रॅडीन हे औषध नेमकी हीच दारं अडवतं आणि रक्तदाबाला फारसा धक्का न लावता गती उतरवतं.

घटिकापात्राला आपली गती बदलायला दोनच वाटा आहेत. भोक लहान-मोठं करायचं, किंवा वाटी सुरुवातीला किती वर उचलून ठेवायची ते बदलायचं. हृदयाचा लगामही याच दोन जागी बांधलेला आहे. तिकडे येऊच.

वाट, आणि वाटेतला मुद्दाम घातलेला अडथळा

हृदयाच्या स्नायूपेशी एकमेकींना सूक्ष्म बोगद्यांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे एकीत वीज उठली की शेजारणीत पोचते. एसए नोडमधून निघालेली लाट दोन्ही अलिंदांवरून 0.1 सेकंदाच्या आत पसरते. तिथून सरळ निलयात उतरली असती तर वरचे आणि खालचे कप्पे जवळपास एकदमच आवळले असते, आणि अलिंदांना बंद दारावर डोकं आपटावं लागलं असतं. पण अलिंद आणि निलय यांच्यामध्ये वीज न वाहणाऱ्या तंतूंचा पडदा आहे आणि त्याला एकच खिंड ठेवलेली आहे. खिंडीच्या तोंडाशी बसलाय एव्ही नोड. इथल्या पेशी बारीक आणि त्यांतले बोगदे थोडे, म्हणून वीज सेकंदाला जेमतेम 5 सेंटिमीटर सरकते आणि सुमारे 0.1 सेकंदाचा उशीर होतो. तेवढ्यात अलिंद आपलं रक्त खाली ढकलून मोकळे होतात. हृदयाच्या रचनेत सगळ्यात हुशारीची जागा कुठली विचाराल तर आमचं बोट या उशिरावर पडेल.

खिंड ओलांडली की घाई सुरू. हिसचा गठ्ठा, त्याच्या डाव्या-उजव्या शाखा आणि शेवटी पुरकिन्ये तंतूंचं जाळं. इथे वीज सेकंदाला 2 ते 4 मीटर धावते, त्यामुळे निलयाचा सगळा स्नायू 0.1 सेकंदाच्या आत जागा होतो आणि कपडा पिळावा तसा टोकाकडून वर पिळला जातो. या तारांचे शोध लागले ते मात्र बरोबर उलट्या क्रमाने, खालून वर: पुरकिन्ये 1839, हिस 1893, एव्ही नोड शोधणारे सुनाओ तवारा 1906, आणि मालक असलेला एसए नोड सर्वांत शेवटी, 1907 मध्ये आर्थर किथ आणि मार्टिन फ्लॅक यांना.

एसए नोड थांबला तरी सगळं संपत नाही. एव्ही नोडच्या परिसरातल्या पेशींनाही तीच झिरपण्याची खोड आहे, फक्त गती कमी: मिनिटाला 40 ते 60. त्याखाली निलयातले तंतू, 20 ते 40. एरवी वरचा ठोका यांची वाटी भरण्याआधीच येऊन ती रिकामी करतो, म्हणून यांचा आवाज कधी ऐकू येत नाही. सर्वांत जलद तो मालक, एवढाच इथला कायदा.

ईसीजीच्या कागदावर हा सगळा प्रवास वाचता येतो. पहिला छोटा उंचवटा, पी, म्हणजे अलिंदांत पसरलेली वीज. नंतरचा सपाट तुकडा हा मुख्यतः एव्ही नोडमधला उशीर. उंच टोकदार क्यूआरएस म्हणजे निलय जागे झाले आणि शेवटचा गोलसर टी म्हणजे ते पुन्हा पूर्ववत झाले. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणून लहान चौकोन 0.04 सेकंदाचा आणि मोठा 0.2 चा. नियमित ठोक्यांत दोन टोकांमधले मोठे चौकोन मोजून 300 ला भागलं की गती मिळते: चार चौकोन, 75.

हृदयाला पेटका का येत नाही

वीज हा फक्त हुकूम झाला. आवळण्याचं काम कॅल्शियम करून घेतं. वीज पोचली की बाहेरून थोडं कॅल्शियम पेशीत शिरतं, ते आतल्या कोठाराची दारं उघडतं आणि तिथून बरंच जास्त कॅल्शियम तंतूंवर येऊन त्यांना एकमेकांवर ओढायला लावतं. सैल पडायचं तर ते सारं उपसून परत कोठारात भरावं लागतं. या उपशालाही ऊर्जा लागते, म्हणून रक्तपुरवठा अडला की हृदय नुसतं कमजोर आवळतं असं नाही, ते नीट सैलही पडत नाही.

पोटरीच्या स्नायूतला विजेचा झटका काही सहस्रांश सेकंदांत संपतो. निलयाच्या पेशीतला 0.2 ते 0.3 सेकंद टिकतो, आणि त्यातल्या बहुतेक वेळात पेशी दुसरा हुकूम ऐकूनच घेत नाही. त्यामुळे ठोक्यावर ठोका चढून पोटरीत येतो तसा पेटका हृदयात येऊ शकत नाही. पुढच्या ठोक्याआधी सैल पडणं त्याला भागच असतं.

आणखी एक सोय नसांशिवाय चालते. निलयात जास्त रक्त आलं, भिंत जास्त ताणली गेली, तर पुढचा ठोका तेवढा जोरकस पडतो. ऑटो फ्रँक आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम दोन्ही पंपांचा हिशोब जुळवून ठेवतो. डाव्या पंपाला उजव्याकडून थोडं जास्त आलं तर पुढच्या काही ठोक्यांत तो ते बाहेर काढतो, कुणाला विचारत नाही.

लगाम

मेंदूच्या तळाशी, मानेच्या वर, लंबमज्जेत हृदयाचं नियंत्रण बसलेलं आहे. तिथून दोन प्रकारच्या नसा निघतात. व्हेगस नस गती उतरवते, सिम्पथेटिक नसा चढवतात. विश्रांतीत व्हेगसचं पारडं जड असतं आणि 100 चे 70 होतात ते तिच्यामुळे. शर्यतीचा सराव असलेल्या धावपटूंची गती विश्रांतीत 40 ते 50 असू शकते. त्यांचं हृदय एका ठोक्याला जास्त रक्त टाकतं, म्हणून थोडे ठोके पुरतात.

व्हेगस ॲसिटिलकोलिन सोडते. त्याने झिरपणं मंदावतं आणि पेशी उणे 60 च्याही खाली ढकलली जाते: भोक लहान, वाटीही जास्त वर. हे इतकं झटपट होतं की पुढचाच ठोका लांबतो. नस रसायन सोडून काम करते हे ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं. एकाची व्हेगस उत्तेजित केली, त्याच्या भोवतीचं द्रावण दुसऱ्याला दिलं, आणि दुसरंही मंदावलं. 1936 च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता.

सिम्पथेटिक नसांचं नॉरॲड्रेनलिन आणि रक्तातून येणारं ॲड्रेनलिन भोक मोठं करतात, शिवाय एव्ही नोडमधला उशीर घटवतात आणि प्रत्येक ठोक्याचा जोर वाढवतात. परिणाम दिसायला काही सेकंद लागतात. बीटा ब्लॉकर गोळ्या याच रसायनांची जागा अडवतात. त्या एकदम बंद केल्या की गती उसळते आणि अरुंद रोहिण्या असलेल्याला ते भोवतं, म्हणून त्या डॉक्टरांच्या सांगण्याने टप्प्याटप्प्याने कमी करायच्या असतात.

लगाम सतत ओढला-सोडला जातो तो दाबाची खबर पाहून. मानेतल्या मोठ्या रोहिण्यांत आणि महारोहिणीच्या कमानीत ताण मोजणाऱ्या नसांची टोकं असतात. आपण उठून उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा जास्त रक्त पायांत आणि पोटात उतरतं, निलयाला कमी मिळतं, दाब घसरतो. खबर पोचते, व्हेगस सैल सुटते, गती 10 ते 20 ने वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. सगळं काही सेकंदांत. अंगात पाणी कमी असलं, वय झालेलं असलं किंवा रक्तदाबाच्या गोळ्या जास्त झाल्या की ही साखळी उशिरा जुळते आणि उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते. याच्या उलट बाजूला रक्त पाहून भोवळ येणारी माणसं: त्यांची व्हेगस एकाएकी जोरात ओढली जाते, गती आणि दाब दोन्ही कोसळतात. अशा माणसाला उभं धरून ठेवू नका, आडवं करून पाय उचला.

नसा नसलेलं प्रत्यारोपित हृदय हे कसं निभावतं? निदान सुरुवातीची काही वर्षं ते रक्तातून येणाऱ्या ॲड्रेनलिनवर आणि ताणाच्या नियमावर भागवतं. म्हणून जिना चढायला लागल्यावर त्याची गती उशिरा वाढते आणि थांबल्यावर उशिरा उतरते.

बिघडतं तेव्हा

एसए नोड थकला किंवा एव्ही नोडमधली खिंड बंद पडली, तर खालचे उमेदवार 30-40 च्या गतीने गाडा ओढतात, आणि माणूस चक्कर येऊन पडतो. इलाज पेसमेकर. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर 1958 मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना मिळाला. तो काही तासच चालला, लार्सन मात्र पुढचे पेसमेकर बदलत 2001 पर्यंत जगले.

कधी वीज खिंडीपाशीच गोल फिरत राहते आणि गती बटण दाबल्यासारखी एकदम 150 ते 220 होते, तशीच एकदम थांबते. हे चक्र एव्ही नोडमधून जात असेल तर व्हेगस ओढून ते तोडता येतं: 15 सेकंद जोर लावून कुंथायचं, मग लगेच आडवं होऊन पाय वर. पहिल्यांदा घडत असेल, छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर हा प्रयोग घरी नको, दवाखाना गाठा.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये अलिंदांत मिनिटाला 350 ते 600 विस्कळीत लहरी उठतात. ते आवळत नाहीत, नुसते थरथरतात. एव्ही नोड इथे द्वारपालाचं काम करतो आणि त्यांतल्या थोड्याच खाली सोडतो, पण वाटेल तशा. मनगटावर बोटं ठेवली तर कुठलाच ताल सापडत नाही. खरा धोका निराळाच: डाव्या अलिंदाच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. म्हणून गती ताब्यात आली तरी अनेकांना रक्त पातळ ठेवणारं औषध चालूच ठेवावं लागतं. अशा माणसाची नाडी 15 सेकंद मोजून चारने गुणू नये, पूर्ण मिनिट मोजावी.

रक्तातल्या पोटॅशियमकडेही लक्ष हवं. ते लिटरमागे 3.5 ते 5 मिलिमोलमध्ये असायला हवं. मूत्रपिंडं निकामी होऊन ते 6.5 च्या वर गेलं तर पेशी पूर्ववत होईनाशा होतात, क्यूआरएस रुंदावतो आणि हृदय थांबू शकतं.

सर्वांत घातक बिघाड निलयातल्या फिब्रिलेशनचा. हार्ट अटॅक म्हणजे रोहिणी बंद पडून स्नायूचा तुकडा मरणं. तेव्हा माणूस सहसा शुद्धीवर असतो. त्याच अटॅकमध्ये निलय थरथरू लागले तर रक्त पुढे जाणं बंद होतं आणि 10 ते 15 सेकंदांत शुद्ध जाते. याला कार्डिॲक अरेस्ट म्हणतात. माणूस हाक दिल्यावर ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही एवढं दिसलं की मदत बोलवायची आणि छातीच्या मधोमध 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब सुरू करायचे. आचके दिल्यासारखा अधूनमधून येणारा श्वास हा श्वास धरायचा नाही.

मग येतो विजेचा झटका. तो बंद हृदय चालू करतो अशी समजूत पडद्यावरच्या दृश्यांनी पसरवली आहे. सरळ रेषेवर झटका देतच नाहीत. झटका देतात तो थरथरणाऱ्या निलयातल्या सगळ्या पेशींना एकाच क्षणी गप्प करायला. काही क्षण पूर्ण शांतता असते. छातीवरचे दाब तेव्हाही चालूच ठेवायचे असतात, आणि नशिबाने साथ दिली तर त्या शांततेत सर्वांत आधी जिची वाटी भरते ती पेशी एसए नोडची असते.